विथड्रॉबाई

न्यायमूर्तींनी चष्मा काढून समोरच्या फायलीवर ठेवला आणि वकीलबाई वाक्याच्या मधेच थांबल्या.

हे न्यायमूर्ती चष्मा लावून ओरडले तर घाबरायचं कारण नसे. ओरडून झालं की ते पाणी पीत आणि ऐकून घेत. चष्मा काढून हळू आवाजात बोलू लागले, की मात्र वकिलाने सगळं पाठांतर बाजूला ठेवून कान टवकारायचे. त्यांच्या शेजारी बसलेले, वयाने लहान असलेले दुसरे न्यायमूर्ती नेहमीसारखे गप्प राहून पेन्सिलीला टोक करत होते.

"वकीलबाई, कागद आम्ही वाचलेत," मोठे न्यायमूर्ती म्हणाले. "शीतगृहातली खोली. आत मुकादम. बाहेर तुमचा अशील, तिथली यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक. दोघांचं सकाळीच भांडण झालेलं. संध्याकाळी हा बाहेरून दार लावतो. रखवालदार शपथेवर सांगतो, की आतून मुकादमाचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि हा दाराला पाठ लावून उभा होता. मुकादम गोठून मेला. खालच्या कोर्टाने ह्याला रागाच्या भरात झालेला मनुष्यवध म्हटलं आणि दहा वर्षं दिली. आम्हाला कळत नाही, की हा खून कसा नाही?"

"साहेब, माझं म्हणणं असं आहे की आत कुणी आहे हे त्याला माहीतच नव्हतं."

"ते तुम्ही सांगालच. पण अपील चालवणार असाल तर शिक्षा वाढवायची नोटीस आम्हाला काढावी लागेल. मग जन्मठेपेवरही बोलावं लागेल. चालवणार नसाल, तर प्रश्नच मिटला. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा."

ह्या भाषेचा अर्थ कोर्टातल्या खुर्च्यांनाही कळत होता. अपील मागे घ्या, दहाची दहाच राहतील. मेकॅनिकची चार वर्षं भोगून झाली होती. चांगल्या वागणुकीची सूट धरली तर आणखी तीनेक वर्षांत तो बाहेर आला असता, कपाळावर शिक्का घेऊन का होईना. अपील चालवलं तर एक तर निर्दोष सुटून घरी, नाही तर जन्मभर आत.

वकीलबाईंनी फाईल मिटली. हात थरथरत होते म्हणून त्यांनी ते काळ्या गाऊनच्या बाह्यांत ओढून घेतले. ही त्यांची जुनी सवय होती आणि गाऊनचा त्यांना झालेला सगळ्यात मोठा उपयोगही हाच होता.

बार रूममध्ये बाईंचं नाव विथड्रॉबाई. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. न्यायमूर्तींची भुवई वर गेली की बाईंचं अपील मागे गेलंच, असा लौकिक. बाईंचं त्यावर उत्तर तयार असे, की माझ्या एकाही अशिलाची शिक्षा आजवर वाढलेली नाही. हे खरं होतं. ह्याला हुशारी म्हणायचं की भीती, ह्याचा विचार त्या शक्यतो करत नसत.

भीती त्यांना पहिल्या दिवसापासून होती. सुरुवातीला त्या खालच्या कोर्टात फौजदारी खटले चालवत. उलटतपासणीला उभं राहिलं की साक्षीदाराचा चेहरा समोर, आरोपीचा चेहरा पाठीत रुतलेला, आणि मागच्या बाकावर कुणाची तरी आई. एकदा निकाल ऐकल्यावर अशाच एका आईने न्यायाधीशांकडे न बघता बाईंकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यानंतर बाईंनी अपिलांचं काम धरलं. अपिलात साक्षीदार येत नाहीत, आरोपीला आणत नाहीत. तिथे सगळी माणसं कागदावर असतात आणि कागद कुणाकडे बघत नाही. बाईंचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणायचा, "तू त्या खात्यात गेलीस तेव्हा मला वाटलं, आता सकाळी चार घास नीट खाशील." तेही खोटंच ठरलं. सुनावणीच्या दिवशी अजूनही बाईंच्या पोटात पाणी ठरत नसे, आणि नवरा दारात उभा राहून विचारी, "आज पोटात किती न्यायमूर्ती बसलेत?"

आज दोन बसले होते.

बाहेरच्या व्हरांड्यात मेकॅनिकची मोठी बहीण बाकावर बसली होती. ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. गरम पाण्याने हात कायमचे लाल झालेले. प्रत्येक तारखेला ती कापडी पिशवी घेऊन येई आणि पिशवीत भावाचे कामावरचे बूट असत, शीतगृहात घालायचे, आतून लोकर लावलेले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. त्याला कामावरूनच पकडून नेलं तेव्हा चौकीत ते काढून घेऊन तिच्या हाती दिले होते. सुटून येईल तेव्हा चपलेवर कशाला येईल, असं तिचं म्हणणं. बाईंनी पहिल्यांदा तिला समजावलं होतं, की अहो, कोर्टातून कुणी थेट घरी जात नाही, आधी तुरुंगात हुकूम जातो. तिने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या तारखेला पुन्हा बूट आणले.

"काय म्हणाले हो साहेब?" ती उठून उभी राहिली. "चष्मा काढला त्यांनी. चांगलं की वाईट?"

"तुम्हाला कसं कळलं चष्म्याचं?"

"तुमच्याकडे बघून कळलं, मागे तुम्हीच सांगितलं होतंत ना चष्म्याचं. तुम्ही एकदम बारीक झालात."

बाईंनी तिला सगळं सांगितलं, सोपं करून सांगितलं. ऐकता ऐकता बहीण खाली बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"जन्मभर म्हणजे... मरेपर्यंत?"

"बहुतेक."

"आणि नाही चालवलं तर तीन वर्षं."

"साधारण."

"मग असं कसं विचारतात हो हे लोक?" बहीण म्हणाली. "हे विचारणं झालं का? हे तर गळा धरणं झालं." मग तिने आवाज खाली आणला. "तुमच्या हातात काही आहे का वकीलबाई? खरं सांगा. मला धीर देऊ नका, धीर मला धुलाईखान्यात सगळेच देतात."

होतं. एक गोष्ट बाईंच्या हातात होती. रखवालदार म्हणाला होता, आतला आरडाओरडा ऐकू आला. पण सरकारी पक्षाचाच दुसरा एक साक्षीदार होता, ते दार बसवणारा इंजिनिअर. तो भलत्याच कशावर तरी साक्ष द्यायला आला होता आणि बोलता बोलता सांगून गेला होता, की ह्या दारातून आतला आवाज बाहेर येत नाही, माणूस कितीही ओरडला तरी, म्हणून तर आत घंटेचं बटण असतं. ती घंटा बंद पडलेली होती. सकाळचं भांडण घंटेवरूनच झालं होतं. मेकॅनिक म्हणत होता घंटेचं सामान आणून द्या, मुकादम म्हणत होता पुढच्या महिन्यात बघू.

दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या तर रखवालदार खोटा पडत होता. पण त्याला हे तोंडावर कुणी विचारलंच नव्हतं. खालच्या कोर्टातल्या वकिलाने विचारायला हवं होतं, आवाज कसा आला बाबा? त्याने विचारलं नाही. आणि जे साक्षीदाराला विचारलं नाही ते मान्य केल्यासारखं धरतात, हा नियम न्यायमूर्तींना पाठ होता.

"आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यात भोक आहे."

"मग त्यालाच विचारा," बहीण म्हणाली. "तो आत आहे. त्यानेच सांगायला पाहिजे."

तुरुंगाशी बोलायची सोय तळमजल्यावरच्या एका खोलीत होती. भिंतीवर पडदा, समोर टेबल, टेबलाला साखळीने बांधलेला माउस. तिथल्या कर्मचाऱ्याने घड्याळाकडे बघत जोडणी करून दिली. पडद्यावर आधी रिकामी खुर्ची आली, मग त्या खुर्चीत मेकॅनिक येऊन बसला. बाईंनी त्याला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, वकीलपत्रावर सही घ्यायला गेल्या तेव्हा. रुंद खांद्यांचा, बोलताना हातांची चुळबुळ करणारा माणूस, आता खुर्ची त्याला मोठी होत होती.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. चालवलं तर काय, मागे घेतलं तर काय, इंजिनिअरची साक्ष कुठे उपयोगी पडेल, कुठे अडेल. एकही शब्द त्यांनी वाढवला नाही की लपवला नाही. शिकवल्याप्रमाणे दोन्ही पारडी सारखी धरली. मेकॅनिक त्यांच्याकडे एकटक बघत होता. मान हलवत नव्हता, प्रश्न विचारत नव्हता.

"मग काय करू सांगा," बाई शेवटी म्हणाल्या. "निर्णय तुमचा आहे."

"मागे घ्या, मॅडम."

"समजलं का सगळं तुम्हाला? मी परत..."

"समजलं." तो कसंनुसं हसला. "कायद्याचं नाही समजलं एवढं. पण तुमच्याकडे बघत होतो. शीतगृहात यंत्राचा आवाज बदलला ना मॅडम, की मी झाकण उघडून बघायच्या आधीच यंत्र बंद करतो. मागे घ्या. ताईला सांगा, तीन वर्षं म्हणजे काही नाही."

त्याच वेळी बाईंचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीकडे गेलं. त्यात एक बाई दिसत होती. ओठ पांढरे, डोळे मोठे, गळ्याची शीर उडतेय, आता रडेल की मग असा चेहरा. ही कोण, असं क्षणभर त्यांना खरोखरच वाटलं. मग त्या चौकटीतल्या बाईने गळ्यापाशी हात नेला आणि त्यांना कळलं.

इतका वेळ तो हे बघत होता.

"ऐका," बाई घाईने म्हणाल्या, "माझ्या चेहऱ्यावर जाऊ नका, मी..." पण पडद्यावर पुन्हा रिकामी खुर्ची होती, आणि मग तीही गेली.

"तिकडे जेवायची वेळ झाली," कर्मचारी म्हणाला. "आता उद्याच."

"एक मिनिट लावून द्या. एकच वाक्य सांगायचंय."

"बाई, तिकडे उचलायलाच कुणी नसतं आता. मी काय करू?"

बाई जिना चढू लागल्या. खरं तर झालं ते त्यांच्या सोयीचंच होतं. अशिलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, मागे घ्या. वर जायचं, एक वाक्य बोलायचं, खाली बसायचं. कुणी बोट दाखवलं नसतं. न्यायमूर्तींनी मान डोलावली असती, मेकॅनिक तीन वर्षांनी घरी गेला असता, आणि एकाही अशिलाची शिक्षा वाढली नाही हा लौकिक जागच्या जागी राहिला असता. फक्त एकच अडचण होती. तो म्हणाला ते बाईंच्या चेहऱ्याचं म्हणणं होतं. आणि हा चेहरा काही आजच्या खटल्यासाठी केलेला नव्हता. जिंकलेल्या सुनावण्यांच्या दिवशीही तो असाच होता. पोरीला शाळेत पहिल्यांदा सोडायला गेल्या तेव्हाही असाच होता, आणि मास्तरांनी मुलीऐवजी आईलाच पाणी दिलं होतं.

दारापाशी सरकारी वकील भेटले. दोघांची अनेक वर्षांची ओळख.

"घेताय ना मागे?" ते आपुलकीने म्हणाले. "घ्या बाई. आज त्यांचा नूर बरा नाही."

बाई आत जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

कोर्ट बसलं. पुकारा झाला. बाई उठल्या.

"बोला," न्यायमूर्ती म्हणाले. चष्मा अजून फायलीवरच होता.

"साहेब, मला उद्यापर्यंतची मुदत हवी आहे."

"का? अशिलाशी बोलणं झालं नाही?"

"झालं. तो म्हणाला मागे घ्या."

"मग घ्या ना. अडचण काय?"

बाईंनी हात बाह्यांत ओढले आणि मग, का कोण जाणे, बाहेर काढून टेबलावर ठेवले. ते चांगलेच थरथरत होते आणि पहिल्या रांगेतल्या वकिलांना ते दिसले.

"त्याने खटला बघून सांगितलं नाही साहेब. माझा चेहरा बघून सांगितलं. मी घाबरलेले होते. त्याला वाटलं, वकील घाबरलाय म्हणजे खटल्यात काही नाही. पण मी नेहमीच घाबरते. ज्या दिवशी माझी बाजू पक्की असते त्याही दिवशी घाबरते. हे त्याला माहीत नव्हतं. माणसाने आपल्या आयुष्याचा निर्णय माझ्या तोंडाकडे बघून घेऊ नये. मला तुरुंगात जाऊन त्याला हे सांगायचंय, एवढीच विनंती."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. पायाखालची जमीन दुभंगली तर बरं, असं बाईंना झालं. काळा गाऊन घालून, भर कोर्टात, मी घाबरते! सरकारी वकील मात्र हसले नाहीत. ते खाली बघून आपल्या कागदांच्या कडा जुळवत बसले.

न्यायमूर्तींनी चष्मा उचलला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, वकीलबाई आमचे चेहरे वाचतात," ते म्हणाले. "उद्या सकाळी पहिलं प्रकरण. त्यानंतर मुदत नाही."

भेटीची वेळ संपायला आली होती तेव्हा बाई तुरुंगात पोचल्या. जाळीच्या पलीकडे मेकॅनिक, अलीकडे बाई. दोघांत एक पंखा आवाज करत फिरत होता.

"मॅडम, तुम्ही? झालं ना मागे घेऊन?"

"नाही. आधी माझं ऐका." बाईंनी सगळं सांगितलं, चेहऱ्याचं, हातांचं, सकाळी न जाणाऱ्या घासांचं. नवऱ्याला सोडून कुणालाही त्यांनी हे असं सांगितलेलं नव्हतं. "म्हणून माझ्याकडे बघू नका. डोळे मिटा हवं तर. आणि मग सांगा."

मेकॅनिकने डोळे मिटले नाहीत. उलट तो जाळीच्या जवळ आला.

"माझा पहिला वकील अजिबात घाबरला नाही," तो म्हणाला. "हसायचा सारखा. मी म्हटलं साहेब, दारातून आवाज येतच नाही, त्याला विचारा. तर माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, काळजी करू नको मित्रा, हे सगळं आपल्या हातचा मळ आहे. शिक्षा सांगितली तेव्हाही घाबरला नाही तो. डबा खायला गेला."



"दार मीच लावलं, मॅडम. ते तर खरंच आहे ना. मी हाक मारली होती. कुणी आहे का आत, अशी रोज मारायची, नियमच आहे. पण त्या दिवशी भांडणामुळे डोकं तापलेलं. उंबऱ्यावरूनच मारली, आत जाऊन मागच्या रांगांत बघितलं नाही. तो मागच्या रांगेत असणार. मी ओढून घेतलं दार."

"ऐकलंत का तुम्ही त्याला? खरं सांगा मला. दार लावल्यावर काही ऐकलंत?"

"तेव्हा नाही ऐकलं." त्याने जाळी घट्ट धरली. "तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. आता ऐकू येतं. झोपलो की येतं."

कागदांतल्या मुकादमाला बाई चांगल्या ओळखत होत्या. वय, उंची, कोट कुठे सापडला, बोटं कशी झाली होती. त्याने हाका मारल्या असतील हे त्यांच्या आत्ता पहिल्यांदा मनात आलं.

"चालवलं आणि जन्मठेप झाली तर मला भीती वाटेल," मेकॅनिक म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आत्ताच वाटतेय. पण मागे घेतलं, तर तो ओरडत होता आणि मी पाठ लावून ऐकत उभा होतो, हे खरंच ठरलं ना कायमचं? तीन वर्षांनी बाहेर येऊन मी ताईला काय सांगू? मी दार लावलं, मॅडम. पण मी ऐकत उभा नव्हतो. हे एकदा कुणीतरी मोठ्याने म्हणायला पाहिजे."

"म्हणजे चालवू?"

"चालवा. आणि तुम्ही घाबरा खुशाल. मला ते बरं वाटतं."

सकाळी नवऱ्याने दारात नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्याने बाईंची पांढरी पट्टी गळ्याशी सरळ केली आणि म्हणाला, "पडलीस उभ्या उभ्या, तर टेबल धर. पण बोलत राहा."

बाईंनी टेबल धरलं. पहिली दहा वाक्यं त्यांचा आवाज इतका कापत होता की लहान न्यायमूर्तींनी पेन्सिल खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं. रखवालदाराची साक्ष वाचली. मग इंजिनिअरची वाचली.

"हे रखवालदाराला विचारलंय का?" मोठ्या न्यायमूर्तींनी अपेक्षेप्रमाणे भोकात बोट घातलं. "आवाज कसा आला, हे त्याला कुणी विचारलं?"

"नाही साहेब."

"मग त्याचं काय उत्तर असतं, हे आम्हाला कुठून कळणार? कदाचित दार किंचित उघडं असेल."

"दार उघडं असतं तर मुकादम बाहेर आला असता, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि लागलेलं असेल, तर आवाज आला नसता. ह्या दोन्हींच्या मधलं दार मला ह्या कागदांत कुठे सापडलं नाही. रात्रभर शोधलं. मला भीतीच होती, की सापडेल."

मागे कुणी हसलं नाही. लहान न्यायमूर्तींनी इंजिनिअरच्या साक्षीचं पान पुन्हा उघडायला सांगितलं आणि मग सरकारी वकिलांना विचारलं, ह्यावर तुमचं काय म्हणणं? सरकारी वकील उठले, बोलले, सांगायचं ते सगळं सांगितलं, पण त्या दाराबद्दल काही सांगता आलं नाही त्यांना. निकाल राखून ठेवला गेला.

निकाल लागेपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांच्या नवऱ्याला विचारावं. टेलिफोन वाजला की त्या खुर्चीतून उडत. एकदा झोपेत "जन्मठेप" म्हणून ओरडल्या आणि पोरगी धावत आली. निकालाच्या दिवशी उभ्या होत्या तेव्हा त्यांना पहिली काही वाक्यं ऐकूच आली नाहीत, कानात नुसता समुद्र. "संशयाचा फायदा" हे शब्द आले तेव्हा त्यांनी शेजारच्या वकिलाला विचारलं, कुणाला?

तुरुंगाच्या फाटकापाशी बहीण केव्हाची येऊन उभी होती. बाईही आल्या. फौजदारी वकील सुटकेच्या वेळी येत नाहीत, बाई तर कधीच नाही. तरी आल्या.

मोठ्या लोखंडी दारातलं लहान दार उघडलं आणि मेकॅनिक वाकून बाहेर आला. बहिणीने त्याला पायरीवर बसवलं, पिशवीतून बूट काढले आणि खाली बसून त्याच्या पायात चढवायला लागली. चामडं चकाकत होतं, लोकरही तिने धुऊन फुलवली होती. पण चार वर्षं चपलांत पसरलेले पाय काही आत जाईनात. तिने जोर लावला, नाडी सैल केली, पुन्हा जोर लावला.

"राहू दे ताई."

"जाईल रे. जातंय. जरा अंगठा दुमड."

"ताई, राहू दे. हातात घेतो."

त्याने नाड्या एकमेकींना बांधून बूट खांद्यावर टाकले आणि उठला. बाईंकडे बघून हात जोडले. बाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच झाला, आणि तो बघून मेकॅनिक हसला.

मागे शिपायाने लहान दार लोटायला घेतलं. त्या आवाजाने मेकॅनिक गर्रकन वळला आणि दोन ढांगांत परत जाऊन त्याने हाताने दार अडवलं. शिपाई दचकला.

"काय रे? काही राहिलं का?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "लावायच्या आधी बघितलंत का? आत कुणी आहे का ते?"

शिपायाला आधी कळेना. मग तो मोठ्याने हसला. "अरे वेड्या, आत सगळेच आहेत की!"

मेकॅनिकने हात काढून घेतला. दार लागलं, आतून अडसर पडला. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, मग चपला ओढत बहिणीच्या मागे रस्त्याला लागला. पाठीवर बूट एकमेकांवर आपटत होते. वकीलबाई त्या दारापाशी थांबल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी लोखंडाला कान लावला.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं.